महागड्या फोनचं भविष्य आणि हिचे मामा

महागडा मोबाइल फोन आपल्या देशात चालणार की नाही, या प्रश्नाचा जगात सर्वांत जास्त विचार ज्या एका माणसाने केला आहे, तो माणूस माझ्या बायकोचा मामा आहे. फोन बनवणाऱ्या कंपन्या या कामासाठी माणसं नेमतात, त्यांना कोट घालायला लावतात, विमानाने फिरवतात. मामांनी हे सगळं बसवनगुडीच्या घरात लुंगी नेसून, स्वखर्चाने केलं. गेल्या अकरा वर्षांत बाजारात आलेल्या प्रत्येक भारी फोनची पहिल्या दिवसाची किंमत, दिवाळीतली किंमत आणि पुढचं मॉडेल आल्यावर उतरलेली किंमत त्यांना तोंडपाठ आहे. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र मामींना विचारावी लागते. आणि या अकरा वर्षांत त्यांनी स्वतः वापरलेला फोन एकच. त्याचं मागचं झाकण रबरबँडने धरून ठेवलेलं आहे. मध्यंतरी ते रबरबँड तुटलं, तेव्हा मामा म्हणाले, "फोन उत्तम आहे की. रबर हलकं निघालं."

मामा मूळचे निपाणीचे. चाळीस वर्षांपूर्वी बंगळुरात आले, होसकोट्याच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. खरेदी खात्याचा नियम असा की तीन कोटेशनं आल्याशिवाय खिळासुद्धा घ्यायचा नाही. मामा कारखान्यातून सुटले, नियम मामांतून सुटला नाही. एकदा त्यांची दाढ दुखायला लागली. मामांनी तीन दातांच्या डॉक्टरांकडे दर विचारले. पहिल्याने सांगितला, दुसऱ्याने सांगितला, तिसरा गावाला गेलेला. तो येईपर्यंत मामा बारा दिवस एका बाजूने जेवले. तो यायच्या आदल्या दिवशी दाढ आपणहून पडली. मामांनी ती कागदाच्या पुडीत बांधून आमच्या घरी आणून दाखवली आणि म्हणाले, "बघा जावईबापू, थांबलं की दर उतरतोय." हिच्या लग्नाच्या वेळीही मामांनी तीन स्थळं मागवली होती. त्यात मी तिसरा. दर सर्वांत कमी होता म्हणून मी पास झालो, असं ही अजूनही पाहुण्यांसमोर सांगते.

फोनबद्दलचा त्यांचा सिद्धांत मला त्यांनी पहिल्यांदा गांधी बाजारातल्या एका हॉटेलात ऐकवला. शेजारी दोन तरुण उभे होते, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं, पाठीवर लॅपटॉप. त्यांनी बाय-टू कॉफी मागवली. म्हणजे एकच कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. हा बंगळूरचा जुना रिवाज आहे आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. मामांनी माझा दंड दाबला. "बघितलात? दोघं मिळून पगार किती असेल सांगा. आणि कॉफी एक. ह्या माणसाला तुम्ही लाखाचा फोन विकणार होय?" मी भीत भीत दाखवलं की त्या दोघांच्याही हातात लाखाच्या घरातलाच फोन आहे. मामांनी पाहिलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "हप्त्यावर असंल." आपल्या माणसाला वस्तू नको असते, वस्तू स्वस्तात मिळाली याचं समाधान हवं असतं, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य एखाद्या परदेशी प्रोफेसराने म्हटलं असतं तर त्याला लोकांनी व्याख्यानाला बोलावलं असतं. मामांना मामी भाजी आणायला पाठवायच्या.

जयनगरात मोबाइलचं एक मोठं दुकान आहे. नवा फोन आला की मामा तिथे तपासणीला जात. तपासणी हाच शब्द, कारण बघणं वेगळं आणि मामांचं ते वेगळं. फोन तळहातावर घेऊन वजन अजमावायचे, नखाने टिचक्या मारायचे, कानाशी हलवून बघायचे, कडेवरून बोट फिरवून फिनिशिंगबद्दल च्यक करायचे. मग विक्रेत्याला विचारायचे, "गेल्या साली ह्यापेक्षा अकरा ग्रॅम जड होता. आता वजन कमी आणि किंमत जास्त, असं का?" नवीन लागलेल्या पोरांना वाटायचं कंपनीचा साहेब आलाय, आणि ती पाणी आणून द्यायची. जुन्यांना सगळं ठाऊक होतं, पण तेही पाणी द्यायचे. एवढं करून मामा काहीही न घेता "सरी, येतो", म्हणजे बरं, येतो, असं म्हणून बाहेर पडायचे. अकरा वर्षांत त्यांनी त्या दुकानातून फक्त एक गोष्ट नेली, ती म्हणजे एका फोनचं माहितीपत्रक, आणि तेही चुकून दोन आली म्हणून दुसऱ्या दिवशी एक परत करून आले.

मी नवा फोन घेतला तेव्हा मामांना सांगायची मला हिंमत झाली नाही. हिने सांगितलं. संध्याकाळी मामा-मामी आले, चपला हळूच काढल्या, आणि मामा माझ्या शेजारी सोफ्यावर बसून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "कसं झालं?" मी म्हटलं, जुना बंद पडला. "आधी काही लक्षणं?" बॅटरी उतरायची. "मग तेव्हाच का नाही कळवलासा? मी होतो की." पूर्ण किमतीला घेतला हे ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. जाताना दारात हिला म्हणाले, "काळजी घे ह्यांची. पुढच्या महिन्यात दर उतरेल, तेव्हा ह्यांना त्रास होणार." आणि झालं तसंच. पुढच्या महिन्यात पाच हजार उतरले आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दर कधी उतरणार हे मामांना अचूक कळायचं. पण एखादा फोन चालणार की नाही, याचा मामांचा अंदाज आजवर एकदाही बरोबर आलेला नव्हता. प्रत्येक नव्या भारी फोनबद्दल ते पार्कातल्या बाकावर बसून, निवृत्त मंडळींसमोर जाहीर करायचे, "चालणार नाही." आणि तो फोन असा चालायचा की दुकानाबाहेर रांगा लागायच्या. एका फोनबद्दल तर त्यांनी "ह्याला कुत्रं विचारणार नाही" असं म्हटलं, त्या फोनसाठी लोक पहाटेपासून उभे राहिले. आमच्या घरात मामांचा निकाल हाच शुभशकुन झाला होता. मामा नाही म्हणाले की ही म्हणायची, "चला, चालतोय हा." मामांना स्वतःला याचं काहीच वाटत नसे. "चाललाय कुठं?" ते म्हणायचे, "लोक घ्यालेत, एवढंच."

अशा खरेदी खात्याच्या घरात विक्री खातं जन्माला आलं, ते म्हणजे मामांचा एकुलता एक मुलगा प्रसाद. प्रसाद मोबाइल विकण्याच्याच धंद्यात शिरला आणि सहा वर्षं नोएडाला होता. वर्षातून दोनदा चार दिवस यायचा, की मामी महिनाभर आधीपासून डबे भरायला घ्यायच्या. गेल्या वर्षी त्याला बंगळुरातच नोकरी मिळाली. दहा-पंधरा हजारांचे फोन विकणारी ती कंपनी पहिल्यांदाच एक उंची फोन आणणार होती, आणि त्याची इथली किंमत ठरवणाऱ्या चार जणांत प्रसाद होता. कंपनीने स्वच्छ सांगितलं होतं. हा फोन चालला तर हे खातं बंगळुरात कायम. नाही चालला तर खातं गुंडाळणार. मग प्रसादला परत नोएडाशिवाय गत्यंतर नव्हतं. पोरगा घरी राहणार की जाणार, हे आता एका फोनवर अवलंबून होतं. मामांनी त्याच्यासाठी वरची खोली रंगवून घेतली, आणि मामी मला कानात सांगत होत्या, "एकाच रंगाऱ्याला विचारलंय हो. तीन नाही. मला तर भीतीच वाटायला लागलीय."

जूनमधल्या एका रविवारी आम्ही जेवायला गेलो होतो. पानं वाढली होती. प्रसाद म्हणाला, "कुणाला सांगू नका, किंमत ठरली. ऐंशी हजारला एक रुपया कमी." मामांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी प्रश्न सुरू केले. काच कुठली, वजन किती, हप्ते किती महिन्यांचे, दुरुस्तीचं दुकान कुठे. प्रसाद एकेकाचं उत्तर देत होता. शेवटी तो म्हणाला, "अप्पा, प्रश्न एकच आहे. दहा हजारांचे फोन विकणाऱ्या कंपनीला लोक ऐंशी हजार देतील का? तुम्हाला काय वाटतं?" पोराने बापाचं मत विचारायची ही त्या घरातली पहिलीच वेळ असावी. आम्ही सगळे निर्धास्त होतो. मामा काय म्हणणार हे ठरलेलंच होतं, आणि ते म्हटलं की फोन चाललाच. मामी तर सांबाराचा डाव हातात धरून म्हणाल्या, "म्हणा की हो, एकदाचं म्हणून टाका."

मामांनी प्रसादकडे बघितलं. पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "चालेल."

मामींच्या हातून सांबार ताटाबाहेर सांडलं. हिने माझा पाय इतका दाबला की मला कळवळून ओरडावंसं वाटलं. टेबलावर एकट्या प्रसादला आनंद झाला होता. "खरंच अप्पा?" तो म्हणाला. मामा म्हणाले, "का नाही चालणार? वस्तू चांगली असंल तर माणूस देतोय की पैसे." आयुष्यभर जे बोलले त्याच्या नेमकं उलट बोलून मामांनी ताक मागितलं. परत आल्यावर घराचं कुलूप उघडताना ही म्हणाली, "मेलं, आता काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी पार्कात मी मामांना गाठलंच. म्हटलं, मामा, तुम्हाला मनातून काय वाटतं? मामा चालत राहिले. "नाही चालणार," ते म्हणाले. "नाव हलकं आहे आणि किंमत जड. पण जावईबापू, त्याच्या तोंडाकडं बघितलो मी. सहा वर्षांनी पोरगं रोज घरात जेवालंय. त्याला कसं सांगायचं, तुझं चालणार नाही म्हणून? तुम्ही सांगितला असता होय?" मी सांगितलं नसतं.

जुलैत फोन बाजारात आला. त्या दिवशी सकाळी मामांचा मला फोन. "आज स्वल्प रजा काढा. जयनगरला जायचंय." मला वाटलं नेहमीची तपासणी. दुकानात शिरल्यावर पाणी आलं. मामांनी ते प्यायलं नाही. सरळ काउंटरपाशी जाऊन त्यांनी प्रसादच्या फोनचं नाव घेतलं आणि म्हणाले, "एक द्या." विक्रेत्याने फोन तपासणीसाठी पुढे केला. "हा नको. बंद पेटीतला. विकत." विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. मॅनेजर आतून धावत आला. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक घेतंय म्हटल्यावर त्या बिचाऱ्याला भरून आलं असावं. "सर, तुमच्यासाठी स्वल्प कमी करतो. कार्डावर चार हजार, आणि जुना फोन दिलात तर..."

"बेडा," मामा म्हणाले. म्हणजे नको.

"कव्हर तरी फ्री घ्या सर."

"कव्हरचे पैसे लावा."

मग त्या दुकानात जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मॅनेजर किंमत खाली आणत होता आणि मामा ती वर नेत होते. मॅनेजरने तीन हजारांची एक योजना काढली, मामांनी ती नाकारली. त्याने हजाराचं कूपन काढलं, मामा चिडले. "तुम्हाला मराठीत सांगू की कन्नडात? पूर्ण किंमत लावा!" चाळीस वर्षं दुसऱ्याचे दर पाडलेला माणूस तिथे घामाघूम होऊन भांडत होता. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सवलतीत गेला तर म्हणतील किंमत चुकली. पूर्ण दरात गेला असं कागदावर आलं पाहिजे, काय?" शेवटी मॅनेजरने हात टेकले. पैसे ठेव मोडून आणलेले होते. काउंटरवरच्या पोराने बिलासाठी मोबाइल नंबर विचारला, मामांनी दहाही आकडे न अडखळता सांगितले आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर येताच मामांनी पेटी कापडी पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी, अशी ठेवली. "प्रसादला बोलायचं नाही," ते म्हणाले. "तुमच्या मामींना पण नाही."

पेटी साड्यांच्या कपाटात मामींच्या शालूखाली गेली. सकाळी मामा ती काढून पार्कात नेत. जो माणूस बाकावर बसून अकरा वर्षं फोन पाडत होता तो आता दर सकाळी पिशवीतून एक फोन काढून निवृत्त मंडळींच्या हातात देई. "वजन बघा. काच बघा. फोटो काढा माझा." लोक फोटो काढत, छान आला म्हणत, किंमत विचारत आणि फोन परत देत. एकाने, बँकेतून निवृत्त झालेल्याने, थोडा रस दाखवला, तेव्हा मामा आठवडाभर त्याच्याबरोबर चालले, आणि रोज अख्खी कॉफी पाजली, बाय-टू नाही. आठव्या दिवशी त्या गृहस्थांच्या मुलाने अमेरिकेहून त्यांना दुसराच फोन पाठवला.

दसऱ्याला कंपनीने किंमत वीस हजारांनी उतरवली. तरीही फोन चालला नाही. नोव्हेंबरात खातं गुंडाळलं आणि प्रसादने नोएडाची नोकरी पत्करली. पार्कातली मंडळी म्हणाली, तुमच्या मुलाच्या कंपनीचं वाईट झालं. मामा बाकावरून उठले. परत येताना मला म्हणाले, "चूक माझी आहे." मी म्हटलं, तुमची कसली चूक? "मी नेहमीसारखं चालणार नाही म्हणालो असतो तर चालला असता. आजपर्यंत कधी चुकलं नव्हतं ते." मला हसू आलं. मामा हसत नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि मग मलाही हसवेना. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

प्रसादचं विमान दुपारचं होतं. मामी दारातच रडायला लागल्या, मामा त्यांच्यापाशी थांबले, म्हणून विमानतळावर मी एकटाच सोडायला गेलो. गाडीत बसल्यावर त्याने काच खाली केली. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी जयनगरच्या त्या दुकानात आमचा एकच फोन गेला, माहितेय तुम्हाला?" मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो. "बिल माझ्या मोबाइलवर आलं," तो म्हणाला. "आमच्या घरी गॅसचं, विजेचं, सगळ्याचं बिल माझ्याच नंबरवर येतं ना. बिलाला कुणी नंबर विचारला की अप्पा तोच देतात."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून..."

"संध्याकाळी मीटिंग होती. साहेबाने दुकानात फोन करून सगळं विचारून घेतलं होतं. वयस्कर गृहस्थ, जुन्या वस्तीतले, किंमत विचारली नाही, सूट दिली तर भांडले. साहेब इतका खूश! म्हणाला, हेच आपलं गिऱ्हाईक. आपण किंमत बरोबर लावलीय. प्रसाद, तू इथलाच आहेस. अशी माणसं या शहरात किती असतील?"

"मग तू काय सांगितलंस?"

प्रसादने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत राहिला. "मी म्हटलं, एक."

उतरताना त्याने मला बजावलं, अप्पांना कळू देऊ नका मला माहीत आहे म्हणून. मी बरं म्हटलं. या घरातल्या दोघांनी एकमेकांपासून लपवलेली एकच गोष्ट दोघांच्या वतीने सांभाळायचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

परत आलो तेव्हा मामा बाहेरच्या खुर्चीवर बसले होते. पिशवी नाही, कोथिंबीर नाही, फोन उघडपणे हातात. आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यात नवं सिम घालून आणलं होतं. "ह्याचा नंबर प्रसादला पाठवा," ते म्हणाले. "फोन कुठला विचारलं तर सांगा, तुमचा जुना होता, मला दिलासा म्हणून. उतरल्यावर ह्याच्यावर कर म्हणावं. ह्याच्यात तोंड स्वच्छ दिसतंय." मी नंबर पाठवला. प्रसादचं उत्तर लगेच आलं, सेव्ह केला, उतरलो की करतो. ते मी मामांना वाचून दाखवलं. मामी आतून दोन पेले कॉफी घेऊन आल्या, एक माझ्यापुढे ठेवला, एक मामांपुढे. मामांनी कॉफीला हात लावला नाही. फोन दोन्ही हातांत धरून ते त्या काचेकडे बघत होते. विमान उतरायला अजून तीन तास होते.